कारणांची वही

अमरेशनं चौदा महिन्यांत एकही नियम मोडला नाही. हे आधीच सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगं वाहवत गेलं असेल. अमरेश वाहवत जाणाऱ्यांतला नाही. आणि ते नियम मी लिहून दिले होते.

आम्ही दोघं मुखेडचे. शाळेत एका बाकावर बसायचो. त्याचे वडील नागप्पा बसस्टँडच्या मागं शिलाईचं दुकान चालवतात. दिलेल्या तारखेला कपडा तयार ठेवणारा टेलर म्हणून गावात त्यांचं नाव आहे. हा गुण पोरात उतरला. दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले. मग आमच्याकडं जे होतं तेच झालं. डॉक्टर व्हायचं म्हणून त्याला लातूरला पाठवलं.

लातूरला क्लास, हॉस्टेल, मेस आणि दर रविवारी पेपर. पेपर झाला की चुकांची वही. त्या वहीत चुकलेला प्रश्न लिहायचा नसतो. तो का चुकला ते लिहायचं असतं. घाई केली. आकडेमोड चुकली. प्रश्न नीट वाचला नाही. सर सांगायचे, कारण सापडलं की ती चूक परत होत नाही. अमरेशनं चार वर्षांत अशा अकरा वह्या भरल्या. तीनदा नीटची परीक्षा दिली. तिन्ही वेळा थोडक्यात राहिला.

तिसऱ्या निकालानंतर हॉस्टेलच्या मालकानंच त्याला वॉर्डन म्हणून ठेवून घेतलं. नऊ हजार पगार, राहणं-खाणं फुकट. मी पुढं नांदेडला मराठी घेऊन एम.ए. झालो. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो. म्हणजे तास घ्यायचे आणि मानधनाची वाट बघायची.

हॉस्टेलवर साठ मुलं होती. रविवारचे दोन तास सोडले तर कुणाच्या हातात मोबाइल नसायचा. साठच्या साठ मोबाइल अमरेशच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. किल्ली त्याच्या कमरेला. मुलं मागून त्याला ‘घड्याळ’ म्हणायची. तो ऐकायचा आणि हसायचा.

मुलांकडं फोन नाही म्हणून गावाकडचे आईबाप खर्चाचे पैसे वॉर्डनच्या फोनवर पाठवायचे. वॉर्डन ते मुलाला रोख द्यायचा. लातूरच्या हॉस्टेलांत हे चालतं. वॉर्डनचं खातं त्याचं एकट्याचं नसतंच.

चांगुणामावशीचे पैसेही त्याच खात्यात होते. मावशी मेसमध्ये भाकरी थापायच्या. दिवसाला दोनशेच्या आसपास व्हायच्या. पगार झाला की त्यातले तीन हजार त्या तिथल्या तिथं अमरेशच्या हातात ठेवायच्या.

“तुमच्यापाशी राहू द्या, सर. माझ्यापाशी राहत न्हाईत.”

घरात नवरा होता. पासबुक त्याच्या उशीखाली होतं. मुलगी राजकन्या अकरावी सायन्सला होती. तिला नर्सिंगला घालायचं, एवढं एकच मावशींच्या मनात होतं. अमरेश ते पैसे आपल्या खात्यात भरायचा.

दोन वर्षांमागच्या मे महिन्यात मी त्याच्याकडं दोन दिवस राहायला गेलो. सुट्टी होती. हॉस्टेल रिकामं होतं. दुपारी कूलरसमोर बसून त्यानं मला फोनवर एक खेळ दाखवला. एक पतंग वर चढतो. शेजारी आकडा चढत जातो. सव्वापट, दीडपट, दुप्पट. पतंग केव्हा कटेल ते कुणालाच कळत नाही. कटायच्या आत बटण दाबलं तर लावलेले पैसे तेवढे पट होऊन येतात. नाही दाबलं तर गेले.

“हा जुगार हाय, अम्र्या,” मी म्हणालो.

“लोक हरतात का, ते सांग.”

“नशीब.”

“नशीब न्हाई. लोभ. पाचपट होईस्तोवर थांबतेत. नाही तर गेलेले आजच भरून काढायची घाई करतेत. म्हणजे चुका माहीत हायत. कारणं माहीत हायत. मग राहिलं काय?”

खरं सांगायचं तर मला ते पटलं. पुस्तकांतली सगळी माणसं लोभानंच बुडालेली मी वाचली होती. हा माणूस लोभी नव्हता.

“तुझं मराठी चांगलं हाय,” तो म्हणाला. “अक्षर तर लईच चांगलं. मला नियम लिहून दे. भारदस्त लिही. मोडायची लाज वाटली पाहिजे.”

मी ती दुपार त्यात घातली. चार कागद फाडले. दिवसाला पाचच डाव. वेळ सकाळी सहा ते सव्वासहा. पतंग दीडपटीला पोचला की बाहेर, पुढं पाहायचंही नाही. सलग तीन डाव गेले की त्या दिवशी बंद. गेलेलं त्याच दिवशी परत आणायला जायचं नाही. डावाची रक्कम दोन महिन्यांतून एकदा वाढवायची, तीही थोडीच.

सातवा नियम लिहायला मी पेन टेकवलं होतं. दुसऱ्याचा पैसा लावायचा नाही.

“ते कशाला?” अमरेश म्हणाला. “ते काय लिहायची गोष्ट हाय का? चोर वाटलो का तुला?”

मी ओशाळलो. पेन उचललं. तशाही सहा ओळी कागदावर छान बसल्या होत्या.

त्यानं तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. साठ मोबाइलच्या वर माझं अक्षर.

मीही खेळलो. एकोणीस दिवस. अकराशे रुपये वर आले, त्याचे मी बूट घेतले. मग सोडलं. सहाला उठवत नव्हतं म्हणून सोडलं. पटलं नाही म्हणून सोडलं असं पुढं एक-दोघांना सांगितलं. ते खोटं होतं.

डिसेंबरात मी पुन्हा लातूरला गेलो. पहाटे जाग आली तर अमरेश अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, मांडी घालून बसला होता. समोर फोन, शेजारी वही. बरोबर सहाला सुरू केलं. पहिले दोन डाव आले. तिसऱ्याला पतंग उडाला आणि जागच्या जागी कटला. आकडा हललासुद्धा नाही. अमरेशच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यानं वहीत लिहिलं: ‘डाव तिसरा. वेळ चुकली. एक डाव थांबायला हवं होतं.’

“ह्यात तुझी काय चूक?” मी विचारलं. “तो चढलाच नाही.”

“चूक असतीच. सापडत नसती एवढंच.”

मी वही चाळली. पानंच्या पानं. बोट उशिरा उठलं. रात्री झोप कमी झाली. मन मेसच्या हिशोबात होतं. नेटवर्कचा अंदाज घेतला नाही. सगळीकडं कारणं. रुपयाचं चिन्ह कुठंच नव्हतं.

“पैसे कुठं लिहून राहिला?”

“पैशाकडं बघायचंच न्हाई. सर काय म्हणायचे? मार्काकडं बघू नको, चुकीकडं बघ. मार्क मागून येतेत.”

मला ते वाक्य आवडलं. नांदेडला येऊन मी ते वर्गात सांगितलं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

पुढच्या जुलैत राजकन्येला नांदेडच्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजात सीट मिळाली. पहिल्या वर्षाचे पंचेचाळीस हजार भरायचे होते. अमरेशचा फोन आला. “मावशी आणि राजकन्या शुक्रवारी येणार हायत. तू सोबत राहा. काउंटरवर गेलात की फोन कर, मी पैसे टाकतो.”

मावशी इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या होत्या. पिशवीत आमच्यासाठी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. राजकन्येच्या हातात कागदांची फाइल. ती फाइल तिनं प्रवासभर मांडीवरून खाली ठेवली नव्हती, असं मावशींनी मला दोनदा सांगितलं.

काउंटरवरून मी फोन केला. टाकतो म्हणाला. वीस मिनिटं गेली. मी पुन्हा केला.

“लखन्या,” तो म्हणाला. “खात्यात अठराशे हायत.”

“दुसऱ्या खात्यातून टाक.”

“दुसरं न्हाईच.”

मी भिंतीकडं तोंड केलं. “अम्र्या, मावशीचे साठ हजार?”

“मी एकदाबी नियम मोडला न्हाई.” आवाज रडका नव्हता. उत्तरपत्रिका तपासून पाहिली आणि सगळं बरोबर निघालं, तरी पास नाही, असा तो आवाज होता. “एकदाबी न्हाई, लखन. तू वही बघ.”

मी वळलो. मावशी माझ्याकडंच बघत होत्या.

“आले का?”

“सर्व्हर डाउन हाय, मावशी.”

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “आमचं तर चालू हाय की.”

“त्यांच्याकडचं,” मी म्हणालो.

“लातूरचं पडलं असंल,” मावशी त्या बाईंना समजावून सांगू लागल्या. “तिथं लेकरं लई झालेत ना. समदे एकदमच लावतेत.”

त्या आमची बाजू घेत होत्या. मी मान खाली घातली. खाली बूट होते.

बाई म्हणाल्या, उद्या शनिवार, एकपर्यंत काउंटर. त्यानंतर यादीतल्या पुढच्या मुलीला फोन जाईल.

मायलेकी त्या दिवशी गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात उतरल्या. संध्याकाळी आम्ही तिघं लंगरला बसलो. मावशी जेवायचं सोडून रोट्यांच्या परातीकडं बघत राहिल्या.

“किती बाया लागत असतील, बाबा? आणि हिथं कुणी मोजत न्हाई वाटतं. आमच्याकडं तिसरी भाकरी घेतली तर नाव लिहितेत.”

राजकन्या म्हणाली, “मंग तू हिथंच ऱ्हा. मी हॉस्टेलला, तू हिथं.”

दोघी हसल्या. तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या तोंडात घास होता. घास गिळल्यावरही मी बोललो नाही. बाहेर येऊन तीन मित्रांना फोन केले. कशाला हवेत हे खरं सांगितलं नाही. सहा हजार जमले. माझं मानधन मार्चपासून यायचं होतं.

शनिवारी दहाला अमरेश कॉलेजच्या गेटवर उभा होता. लातूरहून पहिल्या बसनं आला होता. शर्टाला इस्त्री. हातात वही.

“सर, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?” मावशी म्हणाल्या. “पोरं कुणाच्या भरवशावर टाकली?”

गेटजवळ लिंबाच्या झाडाखाली सिमेंटचा बाक होता. मावशी बसल्या. अमरेश उभाच राहिला. त्यानं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. “पैसे माझ्या खात्यात होते. मी त्याच खात्यातून फोनवरचा खेळ खेळत होतो. पैसे गेले.”

“कसला खेळ?”

“पतंग हाय, मावशी.”

“पतंग,” मावशी म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हे सगळं कालच ओळखून होतो, हे त्यांना तेवढ्यात कळलं. त्यानंतर त्या माझ्याशी आजपर्यंत बोललेल्या नाहीत.

अमरेशनं वही उघडली आणि वाचायला लागला. त्याला वाटलं असेल, हे ऐकलं की त्यांना समजेल. आपण निष्काळजी नव्हतो, हे समजेल. बोट उशिरा उठलं. झोप कमी झाली. वेळ चुकली. मावशींना वाचता येत नाही. त्या पोथी ऐकावी तशा ऐकत होत्या. तीन-चार पानं झाली.

“हे समदं तुमचं चुकलं?” त्यांनी विचारलं.

“हाव.”

“एवढं?”

“हाव, मावशी.”

“मंग माझे पैसे कुठं लिहिलेत ह्यात?”

अमरेश पानं उलटत राहिला. पुढं, मागं, पुन्हा पुढं. पान उलटण्याचा आवाज येत होता.

राजकन्येनं हात पुढं केला. त्यानं वही दिली. तिनं मधलं एक पान उघडलं आणि बोट ठेवून मोजायला लागली. दहा दिवस मोजले. मग वर पाहिलं.

“सर, दीडपट म्हंजी जिंकलं तर लावल्याच्या निम्मे वर येणार. हरलं तर पुरे जाणार. बरोबर?”

“बरोबर.”

“म्हंजी तीनातले दोन जिंकले तर नुसतं जिथल्या तिथं. ह्या दहा दिवसांत पन्नास डाव हायत. अठरा गेले. बत्तीस आले. जिथल्या तिथं ऱ्हायला तेहेतीसच्या वर पाहिजे होते.” तिनं दुसरं पान काढलं, ओठ हलवत मोजलं. “हिथंबी अठरा.” तिसरं काढलं. “हिथं एकोणीस.”

अमरेश तिच्या बोटाकडं बघत होता.

“थोडक्यात राहतंय, सर,” ती म्हणाली. “दर वेळेस थोडक्यातच राहतंय. तुमचं काय चुकलं न्हाई ह्यात. त्याचं तसंच हाय.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. अकरा वह्या, आणि त्यावर ही बारावी. तीनदा फिजिक्स पाठ केलेला माणूस. एम.ए. झालेला मी. साधा त्रैराशिकाचा प्रश्न होता. आम्ही दोघांनी तो कधी मांडलाच नाही. अमरेश कारणं शोधत होता आणि मी वाक्यं.

तो बाकाच्या टोकाला बसला. मावशी उठून दुसऱ्या टोकाला गेल्या.

असल्या खेळांवर आता बंदी आली म्हणे. मला अजून लिंका येतात. अमरेश त्याच हॉस्टेलवर आहे. त्यानं मालकाला स्वतःहून सांगितलं. मालकानं कपाटाची किल्ली काढून घेतली, पण माणूस ठेवला. आता मुलांचे पैसे मालकाच्या फोनवर येतात. दर महिन्याच्या एक तारखेला अमरेश मेसमध्ये जातो आणि सगळ्या बायांसमोर पाच हजार रुपये चांगुणामावशींच्या पुढ्यात ठेवतो. हातात नाही, परातीशेजारी. त्या पिठाच्या हातानं ते उचलतात आणि राजकन्येकडं देतात. राजकन्या यंदा आईच्या शेजारी बसून भाकरी थापते. मुलं आता त्याला घड्याळ म्हणत नाहीत. काय म्हणतात ते मी विचारलं नाही.

त्या शनिवारचं एक सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी मागं ठेवलं.

पाऊणला राजकन्या एकटीच काउंटरकडं गेली. मी तिच्या मागं गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “सीट सोडणार असशील तर तसं लिहून दे. पुढच्या पोरीला फोन लावायचाय, तिचीबी आई बसलीय वाट बघत.” त्यांनी एक छापील फॉर्म सरकवला. “नीट लिहा. दुसरा फॉर्म न्हाई.”

राजकन्येनं फॉर्म माझ्याकडं दिला.

“तुम्ही लिहा, दादा. मराठीचे सर हाव ना तुम्ही.”

मी नाव लिहिलं. गाव लिहिलं. यादीतला क्रमांक लिहिला. खाली एक रकाना होता. प्रवेश सोडण्याचे कारण. तिथं पेन थांबलं. तीन ओळींची जागा होती. तेवढ्यात सगळं मावलं असतं. अमरेश. पतंग. सहा नियम. न लिहिलेला सातवा.

“लिहा की,” राजकन्या म्हणाली.

मी लिहिलं: ‘कौटुंबिक अडचण.’

तिनं फॉर्म घेतला. वाचला. पुन्हा वाचला.

“आमच्या कुटुंबात तर काय झालं न्हाई,” ती म्हणाली.

काउंटरवरचं घड्याळ एकला पाच मिनिटं कमी दाखवत होतं. ती अजून त्या रकान्याकडं बघत होती.

“अक्षर चांगलं हाय तुमचं,” म्हणाली, आणि सही केली.